भागम्माकाकूंच्या गळ्यातला देव

भागम्माकाकूंच्या गळ्यात जे इष्टलिंग आहे ते त्यांचं नाही. ते त्यांच्या नवऱ्याचं, रामलिंगअप्पांचं आहे. अप्पांना जाऊन चार वर्षं होत आली. काकूंचं स्वतःचं इष्टलिंग पाथरीच्या कडेला, लिंगायतांच्या स्मशानात, अप्पांच्या तळहातावर मातीखाली आहे.

असं व्हायला नको होतं. त्यांच्यात लहानपणी गुरूनं गळ्यात बांधलेला देव माणूस मरेपर्यंत अंगावेगळा करत नाही. रोज आंघोळ झाली की तो डाव्या तळहातावर घ्यायचा, पूजा करायची, मगच तोंडात पाणी घालायचं. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्याच हातात देतात. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

मी त्यांच्या समोरच्या घरातली. आमचं घर शेतकऱ्यांचं, आमचे देव देव्हाऱ्यात बसलेले. देव गळ्यात घेऊन दुकानात जाणारी, भाजी निवडणारी, भांडणारी माणसं मला लहानपणापासून नवलाची वाटायची. काकूंचं दुकान बाजारगल्लीत आहे. पूर्वी ते बैलांच्या साजाचं होतं. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा. आता बैल कमी झाले, तेव्हा नायलॉनच्या दोऱ्या, ताडपत्र्या आणि फवारणीच्या पंपाचे पट्टे जास्त खपतात. घुंगरमाळा अजून वर टांगलेल्या आहेत. पंखा जोरात लावला की त्या आपोआप वाजतात आणि काकू वर न बघता म्हणतात, "गिऱ्हाईक न्हाई, वारं हाय."

एम.ए.ची परीक्षा देऊन मी घरी आले होते आणि दुपारी त्यांच्या दुकानात जाऊन बसायची. दोरी मोजताना एक टोक धरायला त्यांना कोणीतरी लागायचं. अशाच एका दुपारी, माझ्या हातात दोरीचं टोक असताना, त्यांनी मला हे सांगितलं.

"हे माझं न्हाई, राजेश्री," पदराखाली हात नेत त्या म्हणाल्या. "ह्यांचं हाय."

मला आधी वाटलं दोरीबद्दल बोलतायत.

अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांची डावी बाजू गेली होती. हात उघडेना. मग काकू त्यांचं लिंग स्वतःच्या तळहातावर घ्यायच्या, त्यांच्या डोळ्यांसमोर धरून पूजा करायच्या, ते परत त्यांच्या गळ्यात बांधायच्या आणि मग स्वतःचं काढायच्या. अंथरुणातल्या माणसाचं करता करता सकाळ पुरेना, तेव्हा त्या दोन्ही एकदमच पाटावर काढून ठेवायला लागल्या. दोन्हींचे दोरे दुकानातल्याच एका रिळाचे. दोन्ही काळी, गुळगुळीत. एका सकाळी दोन्ही अशीच पाटावर होती आणि अप्पांचा श्वास अडकला.

"मी उठले ते तशीच. मग बाया आल्या, रडारड झाली. कोण तरी म्हणलं, भागम्मा, गळा मोकळा ठेवू नको. मी पाटावरचं एक घातलं. दुसरं क्रियेला आलेल्या स्वामींनी उचललं, ह्यांच्या हातात ठेवलं. झालं."

सगळे पाहुणे गेल्यावर त्या पहिल्यांदा निवांत पूजेला बसल्या आणि अंगठ्याला खाच लागली. अप्पांच्या लिंगाच्या कडेला बारीक खाच होती. एका पोळ्याला घुंगरमाळांचं वेटोळं वरून त्यांच्या छातीवर पडलं होतं, तेव्हाची.

"मग तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कोणाला सांगू? सांगितलं असतं तर काय उकरणार होते व्हय?" त्यांनी दोरी कापली. "आन बसूला काय सांगू? तुझ्या बापाच्या हातात बापाचा देव न्हाई म्हणून?"

बसू म्हणजे त्यांचा मुलगा बसवेश्वर. तो संभाजीनगरला कंपनीत आहे.

हे सगळं त्यांनी मलाच का सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. मी त्यांच्यातली नव्हते म्हणून असेल. गिऱ्हाईक आलं आणि त्या ताडपत्रीचा भाव सांगायला लागल्या. मी दोरीचं टोक धरून तशीच उभी राहिले.

श्रावणात त्यांच्या गुरूंच्या घराण्यातले एक स्वामी सेलूजवळच्या मठात मुक्कामाला आले. काकू दर्शनाला जाऊन आल्या आणि आल्या त्या गोंधळूनच. त्यांनी स्वामींना आडून विचारलं होतं: देवाला खाच पडली असली तर काय करावं? स्वामी म्हणाले, भंगलेलं पूजू नये. वाहत्या पाण्यात सोडा आणि तशाच उपाशीपोटी माझ्याकडं या, मी दुसरं बांधतो.

"सोपं सांगितलं त्यांनी," काकू म्हणाल्या.

"मग?"

"अगं, मी अर्धंच विचारलं ना. त्यांनी अर्ध्याचं उत्तर दिलं."

तरी त्यांनी मनावर घेतलं. हे सोडायचं, नवं बांधून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याचं गळ्यात बाळगण्याचा दोष तरी संपला. प्रश्न फक्त पाण्याचा होता. मी म्हटलं, गंगा आहे की जवळ. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात.

"गंगेत नगं. बंधाऱ्यात पाणी अडतंय. उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं, मग वाळूवाले टिप्पर घालतेत. ह्यांचा देव वाळूत जाईल, वाळू सिमिटात जाईल, आन कोणाच्या तरी संडासाच्या भिंतीत जाऊन बसंल. नगं बाई."

यावर मला हसावं की काय करावं कळेना. त्या हसत नव्हत्या.

मग मीच मोबाईलवर त्यांना धबधबा दाखवला. चारठाण्याच्या पुढं डोंगरात एक नदी खोल घळीत उडी घेते. पावसाळ्यात आमच्या कॉलेजची पोरं तिथं जायची. काकूंनी चष्मा पुसून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

"टिप्पर जात न्हाई ना तिथं?"

"काकू, तिथं माणूसच धरून धरून उतरतो."

"मग चल."

रविवारी बन्सीधरची जीप ठरवली. बन्सीधर आमच्याच गल्लीतला, पोट सुटलेला, बोलका. काकूंनी धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. ती मला आणि बन्सीधरला, काकू स्वतः खाणार नव्हत्या, हे मला माहीत होतं, बन्सीधरला नव्हतं. सकाळची पूजा काकूंनी घरी केली नव्हती. ती तिथं, पाण्याच्या काठावर, शेवटची करायची होती आणि येताना मठात थांबून नवं बांधून घ्यायचं होतं. म्हणून तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. त्यांना साखरेचा त्रास आहे. मी पिशवीत खडीसाखर घेतली आणि ती त्या खाणार नाहीत हेही मला माहीत होतं.

"काय काकू, या वयात धबधबा?" सेलू सोडल्यावर बन्सीधर म्हणाला. "रील बनवायला चाललाव काय?"

"तू गाडी चालव. तुझ्या पोटाची रील बनवली तर मोबाईलात मावायची न्हाई."

"ते जाऊ द्या, धपाटे कवा सोडायचे?"

"पाणी बघितल्यावर."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कापूस, मधेच तुरीच्या ओळी. डोंगर लागला तशी माती संपून दगड सुरू झाला. काकू खिडकीतून बघत होत्या. एक हात पदराखाली, गळ्याशी. मी त्यांना सोबत म्हणून आले होते, पण कशाला सोबत, हे मला नीट सांगता आलं नसतं. नदीला देव द्यायला चाललेल्या बाईची सोबत, की नवऱ्याला दुसऱ्यांदा पोचवायला चाललेल्या बाईची?

पठारावर गाड्यांची गर्दी होती. नदी आधी दिसलीच नाही. नुसता आवाज आला, जमिनीच्या खालून आल्यासारखा. मग एकदम जमीन फाटलेली दिसली आणि त्या फटीत तांबूस पाणी उड्या घेत होतं. काळ्या कातळावरून ते पडायचं, पांढरं व्हायचं आणि खाली पुन्हा तांबूस होऊन फिरत राहायचं. तुषार वर आमच्या तोंडापर्यंत येत होते. काकूंनी पटकन ओठ मिटून घेतले. पाणी तोंडात जायला नको म्हणून, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

बन्सीधर गाडीपाशी थांबला. आम्ही उतरायला लागलो. वाट घसरडी होती. काकू चपला हातात घेऊन उतरत होत्या. खालून पोरांच्या स्पीकरचं गाणं आणि धबधब्याचा आवाज एकमेकांत मिसळून दोन्ही कळेनासे झाले होते. वाटेच्या मध्यावर एका झाडाखाली एक बाई कणसं भाजत बसली होती. तिचं नाव मनकर्णा, हे तिनं न विचारता सांगितलं.

"मनकर्णाचं कणीस घेतल्याबिगर कोणी खाली जात न्हाई. बसा मावशी. दम लागलाय तुमाला."

काकू टेकल्या. कणीस नको म्हणाल्या. तिनं तांब्यातून पाणी पुढं केलं, तेही नको म्हणाल्या.

"उपास हाय का?"

"तसंच." मग काकूंनी विचारलं, "बाई, हे पाणी इथून कुठं जातं?"

"खाली."

"खाली म्हंजे?"

"तळ्यात की. खाली पाझर तलाव हाय ना. तिथं अडतं. आमच्या नळाला तेच येतं." मनकर्णानं कणीस फिरवलं. "पुढं जायला पावसानं लय जोर धरावा लागतो. तळं भरलं तर सांडव्यावरून जातं. यंदा न्हाई भरलं."

काकू माझ्याकडं बघायला लागल्या. मी खाली बघितलं. मला वाटलं होतं, एवढ्या जोरानं पडणारं पाणी कुठंतरी लांब जात असणार. कुठं जातं हे मी शोधलंच नव्हतं.

"म्हंजे नळाला यील?" काकू म्हणाल्या.

"काय यील?" मनकर्णा म्हणाली.

"काय न्हाई."

"काय टाकायचं असलं तर टाकू नगा बरं का मावशी. लोक निर्माल्य टाकतेत, जाळीत अडकतं, आन मग ते काढायला आमचे मालक कमरेइतक्या पाण्यात."

काकू उठल्या आणि तरीही खालीच निघाल्या. मी म्हटलं, "काकू, परत जायचं का?" त्या म्हणाल्या, "आलेय तर बघते." काय बघणार होत्या कोण जाणे.

धबधब्याच्या डोहापासून थोडं खाली, कातळाच्या आडोशाला एक सपाट दगड सापडला. तिथं गाण्याचा आवाज कमी येत होता. काकू पाण्याकडं तोंड करून बसल्या. पदर पुढं घेतला. गळ्यातला दोरा सोडला आणि ते काळं, छोटं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. मी थोडी लांब, पाठ करून बसले. त्यांच्यात ते दुसऱ्याला दाखवत नाहीत. पण मला मागं वळून बघावंसं वाटत होतं आणि मी एकदा बघितलं. त्या उजव्या तळव्यात नदीचं पाणी घेऊन त्यावर घालत होत्या. भस्माची डबी दगडावर उघडी होती. ओठ हलत होते. रोजची पूजा दहा-पंधरा मिनिटांत उरकते हे मला समोरच्या घरात राहून माहीत होतं. ही संपेचना.

स्पीकरवरचं गाणं बदललं, पुन्हा बदललं. मग त्यांनी मला हाक मारली.

"राजेश्री, मला माझा देव आठवंना."

"म्हणजे?"

"माझा. लहानपणी बांधलेला. उदगीरकडं, आमच्या माहेरी. त्याला डोळे मिटून बघायलाय तर हाच दिसायलाय. खाचेचा. इतक्या दिवसांत ह्याचीच सवय झाली की." त्यांनी मूठ मिटली. "आता मी सोडायलेय ते काय सोडायलेय? ह्यांचा सोडायलेय का माझाच?"

मी एवढंच म्हटलं, "स्वामींनी सांगितलंय ना पण."

"स्वामींनी खाचेचं सांगितलं. ह्याचं कुठं सांगितलं?"

त्या पुढं सरकल्या आणि मूठ पाण्यात घातली. मी त्यांचा दंड धरला, कारण पाण्याला ओढ होती. मनगटाभोवती पाणी फुटत होतं. मूठ तशीच मिटलेली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या रडत नव्हत्या, नुसत्या विचारात पडल्या होत्या, एखाद्या गिऱ्हाईकानं जुनी, आता न मिळणारी वस्तू मागितली की पडतात तशा. पाणी गार होतं. त्यांची बोटं पांढरी पडत चालली.

"उघडंना," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मूठ. उघडंना गं."

उघडता येत नव्हती की उघडायची नव्हती, हे मी विचारलं नाही. शेवटी मीच त्यांचा हात वर काढला. मूठ मिटलेलीच. दोरा बोटांमधून लोंबत होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. मी म्हटलं, बांधा मग परत गळ्यात. त्या म्हणाल्या, आता कसं बांधू, सोडायला काढलं ते? मी म्हटलं, मग सोडा. त्या म्हणाल्या, नळाला जाईल.

आम्ही तशाच वर निघालो. डावी मूठ छातीशी, उजवा हात माझ्या खांद्यावर. गळा मोकळा. दोरा गळ्यात बांधल्याशिवाय त्या पाणी पिणार नव्हत्या आणि त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर यायला लागला होता. मनकर्णानं लांबूनच विचारलं, "मावशी, हातात काय लागलंय का?" मी म्हटलं, "नाही, नाही." आता त्यांना चक्कर आली तर काय करायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

वर आल्यावर माझ्या मोबाईलला रेंज आली आणि तो लागोपाठ वाजायला लागला. बसूदादाचे मिस्ड कॉल. मी लावायच्या आत त्याचाच पुन्हा आला.

"कुठाय आई? दुकान बंद, फोन बंद. बाजूच्या दत्तरावकाकांनी सांगितलं, धबधब्याला गेली म्हणून! मला वाटलं काकांनाच कायतरी झालंय."

मी फोन काकूंच्या कानाला लावला. बन्सीधर जीपच्या बोनेटवर बसून आमच्याकडं बघत होता.

"बसू," काकू म्हणाल्या. आणि मग, कसलीही सुरुवात न करता, उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाट, दोन दोरे, बाया, स्वामी, खाच. मधे दोनदा आवाज तुटला तेव्हा त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. बन्सीधर हळूच बोनेटवरून उतरला आणि गाडीच्या पलीकडं गेला.

रेंज गेली असं वाटून मी पडद्याकडं बघितलं. फोन चालूच होता.

"म्हंजे अप्पांचं तुझ्याकडं हाय?" बसूदादा म्हणाला. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"हाय. मुठीत हाय. सोडायला आणलं होतं."

"सोडलं?"

"न्हाई. उघडंना."

अप्पा गेले तेव्हा संभाजीनगरहून येण्याच्या वाटेवरचा पूल पाण्याखाली होता. बसूदादा पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांच्यात फार थांबता येत नाही. तो स्मशानात जाऊन ओल्या मातीपाशी बसून आला होता, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला होता. याबद्दल तो कोणाशी काही बोललेला मला तरी माहीत नाही.

"आई, मला बघू दे," तो म्हणाला.

"काय?"

"अप्पांचं. व्हिडिओ कर. राजेश्री हाय ना तिथं?"

"दाखवत न्हाईत रे कोणाला."

"मी कोण हाय मग?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं, मग घळीकडं, मग स्वतःच्या मुठीकडं. मी व्हिडिओ लावला. बसूदादाचा चेहरा आला. मागं कंपनीची निळी भिंत होती. मी फोन त्यांच्या हातासमोर धरला आणि मान दुसरीकडं वळवली.

मूठ उघडली असावी. कारण बसूदादा "हां" म्हणाला. आणि मग, "जरा जवळ." आणि मग आवाज तुटायला लागला. "खाच... खाच कुठाय... आई, तुझा अंगठा..." मी फोन वर-खाली केला. चित्र थांबलं होतं. बसूदादाचं तोंड अर्धं उघडं, डोळे खाली. मी बटणं दाबत राहिले.

"दिसलं का त्याला?" काकूंनी विचारलं.

"काय माहीत, काकू. बहुतेक."

"खाच दिसली का?"

"ते नाही कळलं."

त्या तिथंच, गाड्यांच्या मधोमध, खाली बसल्या. मी पदराचा आडोसा करून उभी राहिले. त्यांनी दोरा पिळून घेतला, गळ्याभोवती घेतला आणि गाठ मारली. ओल्या दोऱ्याला गाठ बसेना. दोरीचं दुकान चालवणारी बाई, तिची गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. मग त्यांनी हात पुढं केला आणि मी बाटली दिली. त्या पाणी प्यायला लागल्या. इतक्या सावकाश, की मी घाबरून त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुन्हा फोन वाजला. बसूदादाच. "आई, ते सोडू नको. मी शनिवारी येतो. आल्यावर बघू." एवढंच, आणि फोन पुन्हा तुटला.

बन्सीधर पुढं आला. त्यानं किती ऐकलं होतं कळत नव्हतं. तो आधी पिशवीकडं आणि मग काकूंकडं बघत म्हणाला, "काकू, येताना मठावर थांबायचं म्हणला होता. थांबायचं ना?"

"थांब," काकू म्हणाल्या.

"स्वामींना काय सांगणार?" मी विचारलं.

"जे बसूला सांगितलं तेच. पुरं सांगते या वेळेस." त्या जीपमध्ये चढल्या, पदर सारखा केला. "मग ते काय म्हणतील ते म्हणतील."

"आणि तेही म्हणाले, सोडा म्हणून, तर?"

गाडी पठारावरून उतरायला लागली. पाण्याचा आवाज मागं राहिला.

"तर शनिवारपर्यंत थांबा म्हणीन," त्या म्हणाल्या. "पोरगं यायलंय."